मदत हवी आहे : जुन्या नॅटच्या किटला एकआसनी करायचंय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. थोरल्या काकांच्या ट्रंकेत एअरफिक्स कंपनीचं, नॅट या छोट्या लढाऊ जेट विमानाच्या १:७२ मापाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट सापडलं, न जोडलेलं. काका हवाई दलात नॅटवर मेकॅनिक होते, म्हणून हे विमान नीटच व्हायला हवं.

अडचण अशी, की किट ब्रिटिशांच्या दोन आसनी टी.१ चं, म्हणजे नॅटच्या प्रशिक्षण विमानाचं आहे. १९६५ च्या युद्धात ‘सेबर स्लेअर’ (पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं) म्हणून गाजलेलं आपलं नॅट एकआसनी. टी.१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.३२ मीटर, आपल्याचे साधारण ६.७५. म्हणजे या मापात दोन्ही मिळून जेमतेम ८ मिलिमीटर कमी करायचे. पण फरक नुसत्या लांबीचा नाही, पंखाचं क्षेत्रफळ आणि शेपूटही टी.१ ला मोठी आहे. मग टोकं कापून भागेल, की पंख नव्याने प्लास्टिक शीटमधून कापू? धडाला काप कुठे घ्यावा, कॉकपिटच्या मागे की पुढेसुद्धा? करवत लावायचा धीर होत नाहीये, दुसरं किट कुठून आणू?

सांधे भरायला नव्या पेठेतून गाडी रंगवणाऱ्यांची एनसी लांबी (पुट्टी) आणलीय. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्या तुकड्यावर जाड थर दिला, तर सकाळी खालचं प्लास्टिक मऊ पडून खचलेलं. पातळ थर देत गेलं तर चालेल का? की दुसरं काही वापरता?

काका आता ब्याऐंशीचे आहेत. दिवाळीला विमान त्यांच्या हातात द्यायचंय. कुणी हा बदल केला असेल तर कापाच्या जागेचा फोटो टाका, प्लीज.