नवऱ्याची सही लागत नाही, मग गर्भपात हा बाईचा हक्कच झाला ना?

निवडुंग:
वैद्यकीय गर्भपात कायद्यात 18 वर्षांवरच्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. मग हा तिचा हक्क आहे असं म्हणायचं का? आणि 20 नि 24 आठवड्यांच्या रेषा कशावरून आखल्या?

कलमदान:
म्हणता येणार नाही, आणि हेच खुपतं. गर्भपात करणं मुळात गुन्हाच आहे. आधी दंडविधानाचं कलम 312 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 88. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने डॉक्टरला त्यातून सूट दिली. म्हणून बाईने मागितलं एवढ्याने भागत नाही, डॉक्टरचं तसं मत व्हावं लागतं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं, 20 ते 24 मध्ये दोघांचं, तेही ठरावीक गटांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, गर्भात गंभीर दोष निघालेल्या वगैरे. अविवाहित स्त्रियांना या गटांतून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला स्पष्ट केलं. 24 नंतर फक्त गर्भातलं गंभीर व्यंग, आणि त्यावर मेडिकल बोर्डाचा, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाचा होकार. मात्र बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला, तर कलम 5 खाली आठवड्यांची अटच नाही.

आठवडामोजणी:
रेषांचं सांगते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत चार गेलेले असतात. व्यंग शोधणारी सोनोग्राफी 18 ते 20 व्या आठवड्यात होते. शंका आली की गर्भजल तपासायचं, गुणसूत्रांच्या अहवालाला आणखी दोन-तीन आठवडे. जुनी 20 ची मर्यादा इथेच अपुरी पडायची. ती 24 पर्यंत नेणारी 2021 ची दुरुस्ती त्यामुळे गरजेची होती.
अडतं ते कागदांवर. 24 च्या आत असूनही दवाखाने "कोर्टातून परवानगी आणा" म्हणतात, नवऱ्याची सही मागतात. दोन्ही बेकायदा. बोर्डाने अर्ज मिळाल्यापासून 3 दिवसांत मत द्यायचं आणि 5 दिवसांत प्रक्रिया व्हायची असा नियम आहे, म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्याच. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. पोक्सोखाली, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. हेही 2022 च्याच निकालात आहे.

निवडुंग:
आणि गर्भाच्या जिवाचं काय?

उंबरठा:
ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमकं इथेच अडलं. 26 आठवड्यांची गरोदर विवाहित स्त्री, आधीची दोन मुलं. गर्भ निरोगी, पोटाबाहेर जगू शकेल असा. दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली, मग तिघांच्या पीठाने नकार दिला. गर्भ जसजसा वाढतो तसतसं त्याचं नैतिक वजन वाढतं, हे मला पटतं. पण त्यासाठी दुसऱ्याचं शरीर वापरायचा अधिकार त्याला मिळतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि "जीव आहे" एवढ्याने तो सुटत नाही.
दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. निरोगी गर्भाला 24 ची रेष आणि व्यंग असलेल्याला रेषच नाही, म्हणजे अपंग आयुष्याची किंमत कायद्यानेच कमी धरली, असा अपंग हक्कांच्या बाजूने आक्षेप आहे. मला तो खरा वाटतो. उपाय मात्र त्या बायकांची वाट बंद करणं नव्हे. 24 नंतर बाईची स्वतःची परिस्थितीही बोर्डापुढे ग्राह्य धरली पाहिजे.

कलमदान:
सहमत. आणि लिंगनिदानाचा मुद्दा यात कुणी मिसळू नये. त्याला 1994 चा वेगळा कायदा आहे; तिथे गुन्हा लिंग शोधण्याचा आणि सांगण्याचा आहे. दोन्ही एकच समजून औषधवाले गर्भपाताच्या गोळ्याच ठेवत नाहीत, आणि नवव्या आठवड्याच्या आत साध्या गोळ्यांनी होणारं काम पुढे शस्त्रक्रियेवर जातं.