परदेशातली निवासी नृत्यशिबिरं: दोन आठवड्यांत भरतनाट्यम, वर संस्कृतीही?

मुलुंडची ताई (धागाकर्ती)

बहीण न्यू जर्सीला असते. भाची अकरा वर्षांची. तिकडे जुलैत भारतीय शास्त्रीय नृत्य आणि संस्कृतीचं निवासी शिबिर आहे, दोन आठवड्यांचं. मी इथे मुलुंडला बरीच वर्षं भरतनाट्यमचे वर्ग घेते, म्हणून तिने मला विचारलं, पाठवू का? सोबत पत्रकही धाडलं. सकाळी सहाला योग आणि श्लोक, नाश्ता, मग दुपारपर्यंत नृत्य. जेवणानंतर रांगोळी, मेंदी, साडी नेसणं. संध्याकाळी परत नृत्य, रात्री रामायणातल्या गोष्टी. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम, पूर्ण वेशभूषेत.

मी नको म्हटलं. त्यावरून आमचं वाजलं, म्हणून इथे मांडते.

माझा मुख्य राग त्या शेवटच्या कार्यक्रमावर आहे. कार्यक्रम ठरला की चौथ्या दिवशी शिकवणं संपतं आणि बसवणं सुरू होतं. जिची अरमंडी, म्हणजे अर्धं बसायची मूळ बैठक, अजून लागत नाही, खाली बसली की गुडघे बाजूला न उघडता पुढे येतात आणि पार्श्वभाग मागे जातो, तिला रांगेत उभं करून गणपतीचं कौतुवम, म्हणजे स्तुतीचं छोटं नृत्य, पाठ करून घ्यायचं. ती शेजारणीकडे बघत बघत हात करते, टाळ्या घेते, घरी जाते. पुढच्या रविवारी तिच्या नेहमीच्या बाईंनी ते सगळं पुसायचं आणि तट्ट अडवूपासून, म्हणजे पाय आपटायच्या अगदी पहिल्या धड्यापासून, परत सुरुवात करायची. मी असली मुलं दर जूनला बघते, फक्त माझ्याकडे ती इथल्याच मे महिन्याच्या शिबिरांतून येतात.

दुसरं, एरवी आठवड्याला एक तास नाचणारं मूल एकदम दिवसाला पाच तास पाय आपटणार. नडग्या धरल्या की महिनाभर सुटत नाहीत.

आणि ती संस्कृती! मेंदी, रांगोळी, साडी. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात ह्याहून जास्त असते.

तेवढ्या पैशांत तिच्या बाईंकडे वर्षभर आठवड्याचा दुसरा तास लावता येईल.

परतीचं तिकीट

ताई, तुमचं शिक्षिका म्हणून पटलं. पण बहिणीची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, ती मी घेते. मी तिकडेच असते, सध्या आईकडे पार्ल्याला आलेय.

न्यू जर्सीत शाळा जूनच्या उत्तरार्धात बंद होते ती सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. घरातली दोन्ही माणसं कामावर. मुलाला कुठेतरी अडकवावंच लागतं. उन्हाळ्यात मुलांना शिबिराला धाडायची पद्धत तिकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. कुणी तळ्यात होडी वल्हवायला जातं, कुणी घोड्यावर बसायला. ती मुलं पुढे ऑलिंपिकला जातील अशी आशा कुणी धरत नाही. मग नाचाच्या शिबिरानेच काय घोडं मारलंय?

माझी मुलगी गेली होती अशाच एका शिबिराला. तिच्या वर्गात ती एकटीच भारतीय. नाव दरवर्षी नव्या शिक्षिकेला फोड करून सांगावं लागतं, आणि डब्यात थालीपीठ दिलं तर ते तसंच परत येतं. शिबिरात हे काहीच नव्हतं. खोलीत चौघी, त्यातल्या दोघी तेलुगू, एक गुजराती. नाच किती आला ते तुम्ही ठरवा. पण त्या चौघी अजून फोनवर एकमेकींना बघत सराव करतात, आणि रविवारच्या क्लाससाठी मला तिला पांघरुणातून ओढून काढावं लागत नाही.

दादरकर काका

एवढा खटाटोप कशाला? पोरीला इकडे पाठवा. सख्खी मावशी भरतनाट्यम शिकवते आणि भाची परक्यांच्या शिबिरात जाऊन नमस्कार शिकणार, हे काही झेपलं नाही.

गोरेगावची आजी

काका, तुमच्याकडे परदेशातून नातवंडं येत नाहीत असं दिसतंय. त्यांची सुट्टी म्हणजे आपला धो धो पाऊस. इथली भावंडं शाळेत, शाळेतून ट्यूशनला. घरी राहतो आम्ही दोघं आणि टीव्ही. गेल्या खेपेला नातीने हॉलमध्ये सराव करायचं मनावर घेतलं. दांडीवर सगळ्यांचे ओले कपडे, वर पंखा फुल. तिने हात वर करून फिरवला की बोटांत आजोबांचा टॉवेल. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दुपारी झोपतात, त्यामुळे पाय आपटायचे नाहीत. मग काय करायचं, नुसती बोटं हलवायची?

जवळच्या क्लासमध्ये चौकशी केली. त्या बाई म्हणाल्या, सहा आठवड्यांसाठी कुणाला घेत नाही, माझ्या मुली परीक्षेच्या तयारीत आहेत. त्यांचंही चूक नाही.

पाठवा शिबिराला.

मुलुंडची ताई

आजी, खालच्या वहिनींचं अगदी खरं. पण मी सहा आठवड्यांसाठी भाचीला नक्की घेतलं असतं. तिच्या आईलाच पावसात यायचं नाहीये.

तिसरा काळ

मीही शिकवते, ठाण्याला. आणि अमेरिकेत अशा एका शिबिरात शिकवून आले आहे, म्हणून ताईंशी भांडायला बसले.

आधी पायांचं बघू. आपण मुलींना कुठे नाचवतो? सोसायटीच्या हॉलमध्ये, काँक्रीटवर ठोकलेल्या लादीवर. काही जणी तर गच्चीवर. तिकडे मला शाळेचा डान्स स्टुडिओ मिळाला होता, लाकडी जमीन, खाली पोकळी, पाय पडला की थोडी दबते. पाच तासांनंतर माझ्याच टाचा दुखल्या नाहीत. इथे दोन बॅच घेतल्या की रात्री गरम पाण्यात पाय टाकून बसते. नडग्यांची काळजी करायचीच असेल तर आधी मुलुंड आणि ठाण्याची करू.

मग तासांचा हिशेब. रोज पाच तास, बारा दिवस, म्हणजे साठ तास. आपल्याकडे आठवड्याला दोन तास. त्यातून गणपती, नवरात्र, दिवाळी, घटक चाचण्या, वार्षिक परीक्षा आणि रुळांवर पाणी भरल्याचे दिवस वजा करा. साठ तास भरायला इथे वर्ष लागतं की नाही, सांगा. मी तिथे पहिले पाच दिवस तट्ट आणि नाट्ट अडवूंच्या पुढे गेलेच नाही. तीन काळांत, म्हणजे तीन गतींत, समोर बसून, लाकडी ठोकळ्यावर काठीचा ठोका देत. 'तैयुम तत् तैयुम ता' मुली जेवणाच्या रांगेत म्हणायला लागल्या. तिसऱ्या काळात कोण कुठे निसटतं ते मला चौथ्या दिवशी प्रत्येकीचं तोंडपाठ होतं. माझ्या इथल्या बॅचमधल्या काही मुलींचं ते मला अजून माहीत नाही. लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

एका गोष्टीवर मात्र कुणी बोलत नाही. शिकवायला इथून ज्या मुली नेतात त्यांना किती ठिकाणी सांगितलं जातं की टुरिस्ट व्हिसावर या, विमानतळावर 'नातेवाइकांकडे आलेय' म्हणा. पारंपरिक कलेचे कार्यक्रम करायला आणि ती शिकवायला येणाऱ्यांसाठी अमेरिकेचा पी-३ नावाचा वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी आयोजकाला आधी अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात. ते वाचवायचे म्हणून खोटं बोलायचं शिकवणाऱ्या मुलीने. आणि ह्याच शिबिरात संध्याकाळी सत्यवचनी रामाची गोष्ट.

तळटीप

शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला एक कटिंग माझ्याकडून.

मुलुंडची ताई

जमिनीचं शंभर टक्के मान्य. आमच्या हॉलमध्ये तर मधली एक लादी हलते, मुली तिला सोडून नाचतात.

तासांचं मान्य नाही. सलग साठ तास आणि वर्षभरात पसरलेले साठ तास एक नव्हेत. मंगळवारी दाखवलेली चूक मूल शुक्रवारपर्यंत अंगात घोळवतं, आरशासमोर करून बघतं, विसरतं, परत आठवतं. शिबिरात घोळवायला वेळ कुठे? आणि तुम्ही पाच दिवस अडवू घेतलेत म्हणजे सगळे घेतात असं नाही. पत्रकात तर 'दोन नृत्यं शिकवली जातील' असं छापलंय.

गिरणगाव

मला अडवूतलं कळत नाही, संस्कृतीतलं बोलतो.

अशा पत्रकांत 'हजारो वर्षांची मंदिरातली पवित्र कला' असं एक वाक्य ठरलेलं असतं. मंदिरात नाचत कोण होतं, ते पुढच्या ओळीत नसतं. हा नाच देवदासींचा, त्याला सदिर म्हणत. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४चा, मद्रासचा १९४७चा. त्याच काळात, १९३६मध्ये, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था सुरू केली आणि नाच वरच्या जातीच्या घरांत गेला. बरं झालं की वाईट, त्यावर वाद घालू. पण त्या बायकांना गोष्टीतून गाळून उरलेलं पोरांना संस्कृती म्हणून वाटायचं, हे नको.

आणि मराठी पोरांना तिथे नक्की आपलं काय मिळतं? संगीत नाटक अकादमी शास्त्रीय म्हणून आठ नृत्यं मानते. त्यात महाराष्ट्रातलं एकही नाही. लावणी नाही, लेझीम तर विचारूच नका. लालबागचं पोरगं ढोलाच्या ठेक्यावर जन्मतःच उभं राहतं, त्याला तिथे श्लोक पाठ नाही म्हणून मागच्या रांगेत टाकतील.

सरस्वती महाल

गिरणगाव, पहिला परिच्छेद मान्य, दुसऱ्यात गडबड आहे. आज कार्यक्रमात पहिल्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत नृत्यांचा जो क्रम सगळ्या जगात नाचतात तो ज्यांनी लावला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात होते. दुसरे सरफोजी राजे, १७९८ ते १८३२. ह्याच राजाच्या नावावर नाचासाठी लिहिलेली मराठी निरूपणं, म्हणजे कथा सांगणाऱ्या रचना, आहेत. आचार्य पार्वतीकुमारांनी आपल्या ह्याच मुंबईत बसून त्यांच्यावर काम केलं, ती पुन्हा नाचती केली. पुण्यात सुचेता भिडे-चापेकरांनी तंजावरच्या मराठी रचनांवर वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे मराठी मुलीने भरतनाट्यम शिकणं ही उसनवारी नाही.

शिबिरवाल्यांनी एक तरी मराठी रचना घ्यावी. मुलीला शब्द कळले तर अभिनय चेहऱ्यावर येतो. नाहीतर तेलुगू पदावर भुवया उडवायच्या आणि बाईंनी सांगितलं म्हणून रुसायचं.

गिरणगाव

राजाचं नाव सांगितलंत, नट्टुवनारांची, म्हणजे नाच शिकवणाऱ्या गुरूंची, चार सांगितलीत. त्यांच्या रचना नाचणाऱ्या बायकांची सांगा.

सरस्वती महाल

तेव्हाच्या नाही सांगू शकत, हा तुमचा मुद्दा बसला. पण पुढची सांगतो. नर्तिका बालासरस्वती त्याच देवदासी परंपरेतल्या घरात जन्मल्या. १९६२मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या जेकब्स पिलोच्या उन्हाळी महोत्सवात नाचल्या, नंतर वेस्लियन विद्यापीठात शिकवलं. अमेरिकेतल्या उन्हाळ्यात हा नाच असा आलेला आहे. शिबिरात रात्री एक दिवस शूर्पणखेला सुट्टी देऊन ही गोष्ट सांगावी. दहा-बारा वर्षांच्या मुलींना कळते, आपल्याला वाटतं त्याहून चांगली.

मुलुंडची ताई

वेस्लियनला शिकणारे मोठे होते, विद्यापीठातले. अकरा वर्षांच्या पोरीला तो दाखला लागू नाही. बाकी गोष्ट सांगायची कल्पना मी माझ्या बॅचसाठी उचलतेय.

जोगेश्वरी लोकल

इतकी चर्चा झाली आणि मुलं तिथे रात्री कुणाच्या भरवशावर झोपतात हे कुणी विचारलंच नाही? २०२३मध्ये खुद्द कलाक्षेत्रात विद्यार्थिनींना लैंगिक छळाविरुद्ध आंदोलनाला बसावं लागलं होतं. गुरूच्या पाया पडायला शिकवतो तेव्हा त्याच मुलीला गुरूची तक्रार कुणाकडे करायची हेही सांगावं लागतं. बहिणीला म्हणावं, आधी दोन गोष्टी विचार. प्रत्येक खोलीमागे मोठं माणूस कोण, त्याची पोलीस पडताळणी झाली आहे का? आणि मुलीला घरी फोन करायला मिळतो की 'शिस्त' म्हणून फोन काढून घेतात? उत्तर देताना आयोजक चिडला तर पैसे भरायचे नाहीत.

परतीचं तिकीट

आमच्या शिबिरात फोन काढून घेत होते, पण रोज संध्याकाळी ऑफिसातून पाच मिनिटं बोलू देत. पडताळणीचा कागद मात्र मी मागितला नव्हता. मागायला हवा.

दादरकर काका

आमच्या लहानपणी मे महिन्यात सेवादलाची शिबिरं असत. सतरंजीवर झोपायचं, आपलं ताट आपण घासायचं, समूहगीतं, लेझीम, रात्री कलापथकाचे प्रयोग. नाचणारा मी त्यातून झालो नाही, पण तिथले मित्र अजून लग्नकार्याला येतात. त्या न्यू जर्सीच्या पत्रकात ताट घासणं आहे का, तेवढं सांगा. असेल तर माझं मत बदललं.

मुलुंडची ताई

नाहीये. जेवण केटररचं.

तिसरा काळ

ताई, कार्यक्रमाबद्दल तुमच्याशी एकदा तरी सहमत व्हायचं होतं म्हणून परत आले. मी आयोजकांशी भांडून शेवटच्या दिवशी कार्यक्रमाऐवजी खुला वर्ग घेतला होता. पालक समोर खुर्च्यांवर, मुली साध्या सराव-साडीत, मी ठोकळा घेऊन. चुकल्या तिथे थांबवलं, परत करून घेतलं. मला वाटलं लोकांना आवडेल. अर्धे पालक फोनमध्ये होते. एका आईने मध्येच हात वर करून विचारलं, कॉस्च्यूम कधी घालणार? पुढच्या वर्षी आयोजकांनी मला बोलावलं नाही.

परतीचं तिकीट

ती आई मी नव्हते, पण असते तर मीही विचारलं असतं. दोन आठवडे पोर डोळ्यांआड, आजी इकडे पार्ल्यात व्हॉट्सअ‍ॅप उघडून बसलेली. तिला काय पाठवू, गुडघे बाजूला गेल्याचा फोटो?

मुलुंडची ताई

हो! तोच पाठवा.