हॉस्पिटलमधली सर्वधर्मीय प्रार्थनेची खोली: आत नेमकं काय ठेवावं?

प्रश्न: बांधकाम समिती, पुणे
ट्रस्टच्या हॉस्पिटलचं नूतनीकरण चाललंय. तळमजल्यावर १० बाय १८ फुटांची खोली नातेवाइकांच्या प्रार्थनेसाठी ठेवलीय. एका भिंतीवर सगळ्या धर्मांची चित्रं लावावीत, असं काहींचं म्हणणं आहे. योग्य होईल का?

आरेखन
चित्रं लावूच नका. कुणीतरी राहून जातंच, शिवाय समोर मूर्ती किंवा चित्र असेल तर तिथे नमाज पढता येत नाही. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तेव्हाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी १९५७ साली ध्यानाची खोली नव्याने घडवून घेतली. मधोमध साडेसहा टनांचा लोहखनिजाचा ठोकळा, धर्मचिन्ह एकही नाही. तो कोरेपणा मला फार मोलाचा वाटतो.

किब्ल्याचा, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा, छोटा बाण मात्र छतावर हवाच. पुण्याहून दिशा पश्चिमेपासून साधारण ११ अंश उत्तरेकडे येते. लिफ्ट किंवा सळयांजवळ होकायंत्राचा काटा भरकटतो, म्हणून इमारतीच्या नकाशावरून कोन काढा.

नळ आणि निचरा
खरी अडचण पाण्याची. वुजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची, सोय नसली की लोक बेसिनमध्ये पाय धुतात. भाराने ब्रॅकेट सुटतं, फरशी ओली होते आणि म्हातारी माणसं घसरतात. बाहेर दीड फूट उंचीचा बसायचा ओटा, समोर नळ, खाली जाळीची नाली करा. टाइल खडबडीत, उतार मीटरला दीड सेंटिमीटर. दाबायचा नळ नको, कोपरापर्यंत हात धुताना तो मध्येच बंद होतो. क्रमही सांभाळा: आधी चपलांचा रॅक, मग पाणी, मग खोली. उलट केलंत तर धुतलेले पाय पुन्हा मातीत.

वॉर्ड व्यवस्थापन
उदबत्ती आणि निरांजन नको. धूर सेन्सरला लागतो, आणि ऑक्सिजनची लाइन जवळ असेल तर ज्योत धोक्याचीच. विजेचा दिवा ठेवा. पारशी माणसाला प्रार्थनेसाठी समोर उजेड लागतो, त्याचीही सोय होते. ग्रंथ बंद कपाटात, वरच्या कप्प्यात. गुरू ग्रंथसाहिबची रोजची मर्यादा, म्हणजे तो ठेवण्या-वाचण्याचे नियम, इथे पाळणं शक्य नाही. रुमालात गुंडाळलेला गुटका (शीख प्रार्थनांची छोटी पोथी) आणि डोक्यावर घ्यायला रुमाल पुरे. जैनांचं सामायिक, म्हणजे एका जागी बसून करायची ध्यानसाधना, ४८ मिनिटांचं असतं, तेव्हा अर्ध्या तासाच्या पाळ्या लावू नका. शुक्रवारी दुपारी गर्दी होईल, त्या वेळी खुर्च्या भिंतीला लावा.

आतून कडी नको, दाराला काचेची पट्टी हवी. आत कुणाला भोवळ आली तर कळलं पाहिजे. लक्ष नसलं की अशा खोलीत व्हीलचेअर आणि खोकी साठतात. खोली चोवीस तास उघडी ठेवा आणि रात्रीची जबाबदारी पाळीवरच्या इन्चार्ज सिस्टरकडे द्या. किल्ली मागावी लागली तर रात्री दोनला आयसीयूबाहेर बसलेलं माणूस ती मागायला जात नाही.