निर्दोष आईबापांची लढाई मुलांनी का लढायची?

जुनीवही (धागा)

१४ जून १९५३ चा एक फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. व्हाइट हाउसच्या फाटकाशी दोन पोरं उभी आहेत. थोरला मायकेल दहा वर्षांचा, धाकटा रॉबर्ट सहा. आईवडिलांचा जीव वाचवा, असं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना विनवणारं पत्र द्यायला त्यांना तिथे आणलं होतं. पाचच दिवसांनी, १९ जूनला, ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांना सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीत बसवून मारण्यात आलं. गुन्हा काय, तर अणुबॉम्बची गुपितं सोव्हिएत रशियाला पोचवण्याचा कट. आम्ही निर्दोष होतो हे कायम लक्षात ठेवा, असं त्यांनी शेवटच्या पत्रात मुलांना लिहिलं.

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांच्या पत्रावर मी काय बोलणार? पण पोरांना त्या फाटकापर्यंत नेणाऱ्या मोठ्यांवर बोलावंसं वाटतं. नामांकित किंवा बदनाम माणसाला खोट्या खटल्यात शिक्षा होते, तेव्हा भोवती समिती उभी राहते, पत्रकं निघतात आणि कोणाच्या तरी लक्षात येतं की मूल पुढे केलं की लोक हेलावतात. तिथून ते मूल मूल राहत नाही, पुरावा होऊन बसतं. घरात निर्दोषत्व हे दैवत होतं आणि दैवताबद्दल शंका विचारायची नसते. "आईने खरंच काही केलं नव्हतं ना?" हा प्रश्न त्या पोराने कोणाला विचारायचा?

माझं म्हणणं एवढंच: लढाई मोठ्यांनी लढावी. मुलाला सांगावं की आई तुझी आहे, कोर्ट काहीही म्हणो. या दोघांना पुढे एबल आणि ॲन मीरोपोल यांनी दत्तक घेतलं, आपलं आडनाव दिलं आणि ती मोठी होईपर्यंत जगाच्या नजरेआड ठेवलं. त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं काम कोणी केलं असेल तर या जोडप्याने.

तिरकस

धाग्याची सुरुवातच घसरली आहे. "निर्दोष" कोण? ज्युलियस रोझेनबर्ग हेर होता. सोव्हिएत तारा फोडल्याची कागदपत्रं, म्हणजे व्हेनोना, १९९५ मध्ये खुली झाली. त्याच खटल्यात शिक्षा भोगलेला मॉर्टन सोबेल २००८ मध्ये स्वतःच्या तोंडाने म्हणाला की होय, आम्ही माहिती देत होतो. निर्दोष माणसाच्या मुलांवर धागा काढायचा तर निर्दोष माणूस तरी निवडा.

जुनीवही

@तिरकस, तुमची तारीखवार माहिती बरोबर आहे, आणि ती माझ्याच बाजूने बोलते. २००८ मध्ये मायकेल पासष्टीचा होता, रॉबर्ट साठी ओलांडलेला. त्या वयात दोघांना जाहीरपणे मान्य करावं लागलं की वडील हेरगिरीत होते. आणि आई? एथेलने अणुबॉम्बच्या माहितीची टिपणं टंकलिखित केली, ही तिच्याविरुद्धची मुख्य साक्ष तिच्या सख्ख्या भावाची, डेव्हिड ग्रीनग्लासची. २००१ मध्ये त्याने कबूल केलं की टंकलेखन कोणी केलं हे त्याला आठवतच नाही आणि आपल्या बायकोला वाचवण्यासाठी त्याने ती साक्ष दिली. बायकोने ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे, आधी सांगितलं होतं की टिपणं तिनेच हाताने लिहिली. ती प्रतही २००८ मध्येच उघड झाली. म्हणजे बाप दोषी पण मृत्युदंडाइतका गुन्हा वादग्रस्त, आई मामाच्या खोट्या साक्षीवर मेलेली. "आम्ही निर्दोष" या एका वाक्यावर वाढलेल्या मुलाने हे दोन तुकडे कसे सांभाळायचे?

पाणकळा

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. मामाने खोटी साक्ष दिली, आईच्या आईने नातवंडं सांभाळायला नकार देऊन आश्रमात धाडली, न्यू जर्सीतल्या एका गावात ओळखीच्यांकडे ठेवलं तर "तुम्ही इथले रहिवासी नाही" म्हणून शाळेने काढून टाकलं. लढायला मोठं माणूस शिल्लक कोण होतं? वकील इमॅन्युएल ब्लॉक पालक झाले, तेही १९५४ च्या जानेवारीत हृदयविकाराने गेले. मोठ्यांनी लढावं, हे वाक्य ज्यांच्याकडे मोठे उरलेत त्यांच्यासाठी ठीक आहे.

आणि ही मुलं लढली कधी? मोठी झाल्यावर, आपण होऊन. सत्तरच्या दशकात दोघे उघडपणे समोर आले आणि सरकारी फाइली मिळवण्यासाठी कोर्टात गेले. त्यातून हजारो पानं बाहेर आली. आज तुम्ही ज्या कागदांच्या जोरावर एथेलची बाजू मांडताय, त्यांपैकी काही कपाटाबाहेर यायला या दोघांचा रेटा लागला. १९९० मध्ये रॉबर्टने एक निधी उभारला, ज्यांच्या आईबापांना राजकीय कामापायी त्रास झाला अशा मुलांसाठी. पोरवयात जे सोसलं त्याचं काही तरी करायला मिळणं हा सुद्धा उपचारच असतो. लोढणं म्हणून बघाल तर लोढणं दिसेल.

सावळा_गोंधळ

मीरोपोल दांपत्य थोर वगैरे ठीक, पण नजरेआड ठेवणं एवढं सोपं असतं का? फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसची गोष्ट बघा, जर्मनीला गुपितं पुरवल्याचा खोटा आरोप झालेला. १८९४ ला अटक, जानेवारी १८९५ मध्ये सगळ्यांसमोर पदचिन्हं उपटून, तलवार मोडून अपमान आणि मग डेव्हिल्स आयलंड या दूरच्या बेटावर कैद. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी दोनचीही नाही. घरच्यांनी मुलांना सांगितलं, बाबा लांबच्या प्रवासाला गेलेत. देशभर मोर्चे निघताहेत, वर्तमानपत्रं एकमेकांच्या उरावर बसली आहेत आणि या घरात बाबा प्रवासात. बायको लुसी आणि भाऊ मात्यू यांनी लढा दिला, मुलांना त्यात ओढलं नाही. धागाकर्त्याला हवं तसंच झालं की.

१८९९ च्या सप्टेंबरात माफी मिळून माणूस परत आला तेव्हा मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सहाची. मुलीला बापाची आठवण असणं शक्यच नव्हतं. सन्मानाने निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. आणि गंमत म्हणजे वडील गेल्यावर, १९३६ मध्ये, त्यांच्या आठवणी आणि पत्रं प्रसिद्ध केली ती याच मुलाने. नजरेआड वाढवलं तरी शेवटी दप्तर मुलाच्याच हातात आलं.

आडनाव_नको

इथे सहसा वाचते, लिहीत नाही. पण परदेशातली, शंभर-शंभर वर्षांपूर्वीची माणसं घेऊन चाललंय म्हणून लिहिते.

माझे वडील निवडून आलेले पदाधिकारी होते. संस्थेच्या पैशांच्या अफरातफरीत खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. वरच्या कोर्टाने काही वर्षांनी निर्दोष सोडलं. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती, सुटकेची आतल्या पानावर, आणि तिच्यात त्यांचं नाव चुकीचं छापलं होतं.

घरी मलाही "बाबा प्रशिक्षणाला गेलेत" असं सांगितलं. मी आठ वर्षांची. वर्गातल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. मधल्या सुट्टीत एका मुलीने शांतपणे विचारलं, "तुझे बाबा जेवायला काय देतात गं तिथे?" तिला खरंच कुतूहल होतं, त्रास द्यायचा नव्हता. मी म्हटलं, प्रशिक्षणात चांगलं जेवण असतं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली त्यावरून मला सगळं कळलं. घरी जाऊन मी आईला काही विचारलं नाही. पुढे वर्षभर आम्ही दोघी एकमेकींसाठी प्रशिक्षणाचं नाटक करत होतो. मोठ्या माणसाचं मूल नजरेआड ठेवता येत नाही हो. तुम्ही फक्त त्याला एकटं पाडता.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. गुन्हेगार बापाच्या मुलाला निदान रागावता येतं. निर्दोष माणसावर रागवायची सोय नसते. बाबा परत आले तेव्हा अभिनंदनाला घर भरलं होतं आणि मी आनंदात असणं अपेक्षित होतं. मला राग आला होता. सार्वजनिक जीवनाची हौस त्यांची, शत्रू त्यांनी कमावलेले, आणि कोऱ्या चेहऱ्याने वर्गात बसायचं मी. हे बोलले असते तर सगळे म्हणाले असते, काय ही मुलगी, त्या माणसाने काय काय भोगलं आणि हिचं काय चाललंय.

तिरकस

@आडनाव_नको, अनुभवाबद्दल आदर. पण राग बापावर का? खोटा खटला करणाऱ्यावर यायला हवा. मुलांना तेवढं शिकवता आलं नाही तर तो घरच्यांचा दोष.

आडनाव_नको

राग कोणावर यावा याचं शिकवणी वर्गात वेळापत्रक लावता येतं असं तुम्हाला वाटत असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

कलम_आणि_कागद

वकिलीत आहे म्हणून एक कोरडा मुद्दा. चुकीच्या शिक्षेबद्दल अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात भरपाई आहे: कैदेच्या दर वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत, मृत्युदंड सुनावला गेलेल्याला दर वर्षाला १,००,००० पर्यंत. ऑस्ट्रेलियात लिंडी चेंबरलेन हिला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल १९८२ मध्ये जन्मठेप झाली. मूल रानकुत्र्याने, डिंगोने नेलं, हे ती सांगत होती. १९८६ मध्ये सुटका, १९८८ मध्ये शिक्षा रद्द, १९९२ मध्ये १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई, आणि डिंगोनेच नेलं असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, २०१२ मध्ये लिहिलं.

शिक्षा झाली त्यानंतर काही आठवड्यांनी तिला आणखी एक मुलगी झाली. ते बाळ लगेच काढून घेतलं गेलं. आई सुटली तेव्हा ती तीन वर्षांची होती. या मुलीचं काय नुकसान झालं हे कुठल्या तक्त्यात बसतं? भरपाई मोजताना कैदेचे दिवस मोजतात, आईवाचून गेलेले मुलाचे दिवस कोणी धरत नाही. लढायचं की नाही याआधी हे बघायला हवं, कारण मुलाला कायद्यात उभं राहायला स्वतःची जागाच नाही. तो नेहमी कोणाच्या तरी अर्जाला जोडलेला.

पाणकळा

@कलम_आणि_कागद, म्हणूनच तर म्हणते, मुलांनी स्वतः लढावं.

जुनीवही

@पाणकळा, पण किती? त्या दोघांनी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांकडे अर्ज केला, फक्त आईसाठी. वडिलांचं नाव त्यात नव्हतं. कागदपत्रांनी भाग पाडलं म्हणून मुलांनी आईला वडिलांपासून वेगळं काढलं. २०२४ मध्ये ऑगस्ट १९५० चं एक सरकारी टिपण उघड झालं. त्यात लिहिलंय की एथेलला नवऱ्याच्या कामाची माहिती होती, पण तिने स्वतः ते काम केलं नाही. लगेच दोघे पुन्हा उभे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्याकडे मागणी. तेव्हा मायकेल ८१ वर्षांचा, रॉबर्ट ७७. फाटकाशी पत्र घेऊन उभी केलेली पोरं अजून तिथेच उभी आहेत आणि आपण त्याला उपचार म्हणायचं?

पाणकळा

त्यांना विचारलंत का, तिथून हलायचंय का म्हणून? तुमच्या मते ८१ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या आईबद्दल खरं काय ते माहीत करून घ्यायचा हक्क नाही, कारण दहाव्या वर्षी कोणीतरी त्याचा फोटो काढला होता.

आडनाव_नको

दोघांनाही एक विचारते. वरच्या कोर्टाच्या निकालाची प्रत माझ्याकडे आहे. बाबा आता नाहीत. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि आजोबांचं नाव इंटरनेटवर टाकलं की अजूनही अटकेचीच बातमी वर येते. त्याला निकाल वाचायला द्यायचा की आधी बातमी?

तिरकस

बातमी. कोणीतरी दाखवणारच आहे, तुम्ही दाखवलेली बरी.

सावळा_गोंधळ

नऊ वर्षांच्या पोराला कोर्टाचा निकाल कळणार आहे का? आजोबा कसे होते ते सांगा आधी.