स्ट्रॅटोसच्या पोटात आल्फाचं इंजिन: चालतं की नाही?

गंजपुराण (धागाकर्ता):
तीन वर्षं झाली, इथे कॉव्हेंट्रीत भाड्याच्या शेडमध्ये लान्चिया स्ट्रॅटोस या सत्तरच्या दशकातल्या इटालियन रॅली गाडीची प्रतिकृती जोडतोय. परवा मूळ स्ट्रॅटोस बाळगणारे एक गृहस्थ आले. मागचं झाकण उचललं, इंजिनावर 'आल्फा रोमिओ' वाचलं आणि "छान खेळणं आहे" म्हणून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही!

तर काथ्याकूट. माझं म्हणणं, खेळणं म्हणायचंच तर मूळ गाडीलाही म्हणा. डिझाइन बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीचं, इंजिन फेरारी डिनोचं 2.4 लिटर व्ही6. लान्चियाने सगळं एकत्र आणलं, 1974, 75 आणि 76 अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद मारलं. उसनं इंजिन तेव्हा चाललं, मग आज माझंच का खुपतं?

आणि आल्फाचं का, तर त्यांच्या 164 या गाडीत 3.0 लिटर व्ही6 आडवंच बसवलेलं असतं. गिअरबॉक्ससकट उचलायचं नि सीटमागे ठेवायचं, चाकं आपोआप मागची फिरतात. ताकद जवळपास 190 अश्वशक्ती, मूळ रस्त्यावरच्या स्ट्रॅटोसइतकीच.

जुनं_ते_सोनं:
गंजपुराण, तुम्ही मुद्दा सोयीस्कर वळवलात. त्यांनी इंजिन उसनं घेतलं ते जिंकण्यासाठी. तुम्ही आकार उसना घेतलाय, दिसण्यासाठी. मूळ गाड्या पाचशेसुद्धा नाहीत. शिवाय प्रतिकृतीवर मूळ संघाच्या प्रायोजक विमान कंपनीचे, अलितालियाचे, हिरवे-लाल पट्टे मारून मेळाव्याला उभं राहायचं आणि पोरांनी "ही मुनारीची का?" विचारलं की नुसतं हसायचं. लान्चियाचा रॅलीचालक सान्द्रो मुनारी याने 1975 ते 77 तीनदा मोन्ते कार्लो रॅली जिंकली, ती या असल्या फायबरच्या टबात नव्हे.

गंजपुराण:
फायबरच्याच टबात हो! मूळ गाडीचंही पुढचं-मागचं अंग फायबरचंच, मधला भाग तेवढा पोलादी. तोच गंजतो. पट्ट्यांचं मात्र मान्य. माझी साधी पांढरी आहे.

बूस्टवाला:
मी दोघांच्याही विरुद्ध. 😄 माझ्याकडे लान्चियाचीच टर्बोवाली डेल्टा इंटिग्राले 16 व्हॉल्व्ह, मूळ 200 अश्वशक्ती. आधीच्या मालकाने बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवून ठेवलेला आणि काचेच्या चौकटीखाली गंज पुट्टीने बुजवलेला. दोन हिवाळे पत्रा कापण्यात गेले. तेव्हा इंजिन कुणाचं यावर भांडू नका, आधी पत्रा बघा. ताकद वाढवायची हौस असेल तर निदान ब्रेक आणि कूलिंग आधी वाढवा. लोक उलटं करतात.

जुनं_ते_सोनं:
बूस्टवाला, तेच तर म्हणतोय. 'सुधारणा' या नावाखाली गाडीचा बळी जातो.

गंजपुराण:
पण कारखान्यानेच किती सुधारणा केल्या! डिनोच्या इंजिनावर सिलिंडरला चार व्हॉल्व्हची डोकी (सिलिंडर हेड) चढवली, टर्बोही लावून पाहिला. रॅलीची गाडी एका जागी थांबलेली कधी होती? बर्नार दार्निशने 1979 ची मोन्ते कार्लो काढली तीही स्ट्रॅटोसनेच, खाजगी संघाकडून.

बरं, एक दाखवतो. स्ट्रॅटोसच्या दारात आतून एक भलामोठा खोल कप्पा असतो, हेल्मेट ठेवायला. काच खाली घ्यायला हँडल नाही. गोल मूठ सैल करायची, खाचेतून वळवत खाली न्यायची, पुन्हा आवळायची. माझ्या दाराचा तो कप्पा मी चारदा साच्यातून काढला. चौथ्या वेळी हेल्मेट बसलं, पण काच खाली घेतली की मूठ हेल्मेटला घासते. मूळ गाडीत नेमकं किती अंतर असतं, कुणाकडे माप आहे का?

जुनं_ते_सोनं:
माझ्या ओळखीच्या एकाकडे मूळ गाडी आहे. रविवारी जाऊन मोजून आणतो. आल्फाच्या इंजिनाबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे लक्षात असू द्या.

गंजपुराण:
असू द्या. टेप मिलिमीटरवाली घ्या, इंचवाली नको.