मदत हवी आहे: गरोदर बाईच्या मनाच्या त्रासासाठी घरी येणारं कोणी नागपुरात आहे का?

मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत शिवणवर्ग घेते. वर्गातली एक मुलगी पहिलटकरीण आहे, सातवा चालू आहे. नवरा सेंटरिंगच्या कामावर, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. माहेर गोंदियाकडे, आईला मजुरी सोडून येणं जमत नाही. तिने वर्गाला येणं बंद केलं म्हणून खोलीवर गेले. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं खिडकीत जशीच्या तशी. सकाळचा भात तसाच झाकलेला. "ताई, झोपच लागत नाही. बाळ हललं तरी काही वाटत नाही," एवढं बोलली आणि रडायला लागली.

आशाताई नेमाने येतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कार्डावर वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळं भरलंय. पण घरं एवढी, की बसून मनातलं विचारायला त्यांना वेळ कुठला? सासू म्हणते नजर लागली. दवाखान्यात न्यायचं तर नवऱ्याची रोजी बुडते, आणि मनोरुग्णालयाचं नाव काढलं की "पागलखान्यात नेता का?" म्हणून घरचे अंगावर येतात.

बाळंत झाली की आपोआप ठीक होईल, असं सगळे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. बाळ आल्यावर तर उरलीसुरली झोपही जाईल.

घरी येऊन बोलणारं कोणी मिळेल का? मी स्वतः दर आठवड्याला जायला तयार आहे, पण काय बोलायचं ते सांगा.

प्रतिसाद:
ताई, तुम्ही जा, नक्की जा. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशांसारख्याच आरोग्यसेविकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून नैराश्य असलेल्या बायकांच्या घरी जाऊन ठरवून गप्पा केल्या. 2008 साली त्याचे निष्कर्ष आले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यापैकी 23 टक्के आयांना नैराश्य होतं, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्के. पुढे गोव्यात हेच काम वस्तीतल्या साध्या बायकांनी केलं. उपदेश नको. तिचं ऐकून घ्या, मग जेवण, झोप, बाळ यांतलं एकच छोटं काम पुढच्या भेटीपर्यंत दोघींनी ठरवा. सासूलाही शेजारी बसवा, तिला बाजूला ठेवून काही होणार नाही.

पण आधी एकांतात सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. उत्तर 'हो' किंवा 'कधीकधी' आलं तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या. एरवी 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, खोलीतूनच फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टरांना झोपेचं आणि रडण्याचंही सांगा. तिथे नेताना कोणी नावं ठेवत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. आत्ताच निघते, नवरा यायच्या आधी ती एकटी भेटेल. सासूशी विषय कसा काढायचा, हे कोणी केलं असेल तर तेवढं लिहा.