आजोबांची जपानी तलवार: किती जुनी, कोणी घडवली? सल्ला हवा

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. १९४५ साली जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा त्यांची पलटण मलायात होती. तिथून त्यांनी आणलेली तलवार आमच्याकडे आहे. तपकिरी लोखंडी म्यान, मुठीला फीत गुंडाळलेली, फितीखाली पांढरं खरखरीत कातडं आणि पितळी चेरीची फुलं. घरात सगळे म्हणतात चारशे वर्षांची आहे, सामुराईची. दर दसऱ्याला आजी तिची पूजा करते. ओळखीतले एकजण म्हणाले, मूठ तापवून काढा, आत कारागिराचं नाव असतं, मग शिकलगाराकडून पातं उजळून घ्या. करू का?

जुनं_लोखंड:
कृपा करून यातलं काहीही करू नका! आपल्याकडच्या तलवारीची मूठ लाखेनं बसवलेली असते, म्हणून ती तापवून काढायची रीत. जपानी मूठ लाकडाची, आणि ती सहसा बांबूच्या एकाच खुंटीवर अडकलेली असते. तापवलीत तर लाकूड-कातडं जळेल आणि पात्याला दिलेलं पाणी उतरेल, ते वेगळंच.

खुंटी एका बाजूला बारीक असते. बारीक टोकाकडून लाकडी काडीनं हलकेच ठोका, निघेल. मग मूठ डाव्या हातात उभी धरा, पातं वर आणि जरा तिरकं, आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर मारा. पातं आपोआप सैल होतं. घाई नको, पात्याला बोटं नकोत.

मुठीच्या आत जाणाऱ्या भागाला नाकागो म्हणतात. त्यावरचा गंज पुसू नका, हे हात जोडून सांगतो. तो भाग मुद्दाम कधीच उजळत नाहीत, म्हणून गंजावरूनच वयाचा अंदाज येतो. शेकडो वर्षांचा गंज काळपट-तपकिरी आणि हाताला गुळगुळीत लागतो. ऐंशी वर्षांचा असेल तर रंग उजळ आणि कानशीचे कापे अजून स्पष्ट.

तुम्ही सांगताय ती मूठ-म्यान १९३४ नंतरच्या जपानी लष्करी अधिकाऱ्यांची. पण नुसतं तेवढ्यावरून वय ठरत नाही. कित्येक अधिकारी घरातलं वडिलोपार्जित पातं लष्करी मुठीत बसवून घ्यायचे. पात्यावरच मुठीजवळ आकडा ठोकलेला असेल तर मात्र ती कारखान्यातली, हवालदार दर्जाच्या लोकांना दिलेली.

कृष्णाकाठ:
आकडा नाही. खुंटी निघाली! भोक एकच आहे. एका बाजूला सात अक्षरं. तिसरं अगदी बेरजेच्या चिन्हासारखं, चौथं छपराच्या दोन पाख्यांसारखं, सहाव्यात नुसत्या दोन आडव्या रेघा. दुसऱ्या बाजूला लांब ओळ आहे. शिवाय वरच्या अंगाला एक बारीक ठसा, दाराच्या दोन झडपांसारखा. गंज लालसर-तपकिरी, कापे स्पष्ट दिसतात.

जुनं_लोखंड:
फार छान टिपलंत. बेरीज म्हणजे दहा, पाखी म्हणजे आठ, मिळून अठरा. आधीची दोन अक्षरं शोवा असणार, जपानच्या तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव. शोवा वर्षात १९२५ मिळवायचे: १९४३. दोन रेघा म्हणजे दुसरा महिना. मात्र महिना शब्दशः घेऊ नका, दुसरा किंवा आठवा लिहायची कारागिरांची जुनी प्रथाच होती.

झडपांचा ठसा सेकीचा. सेकी म्हणजे नाका. गिफू प्रांतातलं हे गाव, शेकडो वर्षं तलवारींसाठी प्रसिद्ध. युद्धकाळात इथून लष्करासाठी ढीगभर पाती गेली, बहुतेक तापवून, जुन्या रितीप्रमाणे पाण्यात नव्हे तर तेलात विझवलेली. खात्रीसाठी पातं दिव्यासमोर तिरकं धरा. धारेलगतच्या पांढुरक्या रेषेत दवासारखे चमकते कण दिसले तर पाण्यात विझवलेलं असू शकतं. रेष सपाट, निर्जीव वाटली तर तेलातलं.

म्हणजे चारशे वर्षं नाहीत. पण गंज, तारीख आणि ठसा एकमेकांशी जुळताहेत, आणि आजोबांच्या हकिगतीशीही. मला हे फार मोलाचं वाटतं. नाव वाचायला दुसऱ्या बाजूचा फोटो टाका, उजेड बाजूनं पडू द्या. नुसतं मोठं नाव असून भागत नाही. सतराव्या शतकातल्या कोतेत्सू या नामवंत तलवार-कारागिराच्या खोट्या सह्यांची किती पाती आहेत!

रत्नांग्रीकर:
एक भर. नऊ इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्यात मोडतं, तेव्हा कागदपत्रांचं बघून घ्या. आणि पातं खरंच शंभर वर्षांपलीकडचं निघालं असतं तर १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे देशाबाहेर पाठवता आलं नसतं. आता तो प्रश्न उरत नाही.

कृष्णाकाठ:
दिव्यासमोर धरून पाहिलं, रेष सपाटच आहे, कण नाहीत. फोटो उद्या दुपारच्या उन्हात काढते. पण पात्याच्या मध्यावर पाच काळे डाग आहेत, बोटाएवढे, एका ओळीत. दसऱ्याचे असतील का?

जुनं_लोखंड:
तेच. हळदीकुंकवाची ओली बोटं. ते घासू नका, तसेच राहू द्या. मऊ सुती कापडानं पातं कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. यंदापासून आजींना म्यानावर कुंकू लावायला सांगा.